जुनी गाडी, वॉरंटी आणि बाबांची हिरवी टिकली

गेल्या रविवारी मोशीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या सासऱ्यांनी माझा घात केला... हो, घातच म्हणते मी.

आमची गाडी सेकंडहँड, आता पार म्हातारी झालीय. पण मी चालवायला शिकले ती हिच्यावरच, आणि रोज चाकणला कंपनीत जाते तीही हिच्यातूनच. हल्ली सारखं काहीतरी निघतं आणि नवरा, म्हणजे नितीन, गॅरेजचं बिल बघून नुसता सुस्कारा सोडतो.

शेवटी आमच्यात तह झाला. जुन्या गाड्यांना एक्स्टेंडेड वॉरंटी मिळते, पण आधी वॉरंटी कंपनीचा माणूस येऊन गाडी तपासतो. वॉरंटी मिळाली तर गाडी राहणार, नाहीतर विकायची आणि मी मुकाट्याने कंपनीच्या बसने जायचं... ती बस अख्ख्या पिंपरी-चिंचवडला प्रदक्षिणा घालून मग चाकणला पोचते!

एकच लोचा होता. थंड असताना रिव्हर्स टाकला की गाडी खडखडायची, गरम झाली की एकदम गप्प. म्हणून तपासणीच्या दिवशी मी सकाळीच भोसरीपर्यंत चक्कर मारून आले आणि साळसूदपणे गाडी जागेवर लावली.

आता बाबांबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगते. मूळचे परभणीकडचे, पण सगळी नोकरी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला. पास झालेल्या मालावर लावतात ना, तसल्या गोल हिरव्या स्टिकरचा एक रोल त्यांच्याकडे अजून आहे.

घरात जे तपासतील त्याला हिरवी टिकली... गॅसचा रेग्युलेटर, मिक्सर, अगदी माझी लोणच्याची बरणीसुद्धा! गाडीला मात्र आजवर लावली नव्हती. विचारलं की नुसतं "बघू" म्हणायचे.

तर तो वॉरंटीवाला आला आणि म्हणाला, "इन्स्पेक्शनला आलोय." झालं! बाबांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गुडघे दाबत खाली उतरले, त्याला आग्रहाने चहा पाजला.

गाडी पास होतच आली होती. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आता गरम आहे म्हणून गप बसलीय ओ. थंड होऊ द्या, मग रिव्हर्स टाकून बघा. लई खडखड करायलीय."

मी डोळे वटारले, पण बघतंय कोण! त्या माणसाला शेजारच्या बिल्डिंगमध्ये अजून एक गाडी बघायची होती. ती बघून तो परत आला, रिव्हर्स टाकला... आणि आमच्या म्हातारीने जी खडखड सुरू केली म्हणता!

वॉरंटी नामंजूर. नितीनने लगेच मोबाइलवर जाहिरातीसाठी गाडीचे फोटो काढायला घेतले.

मी दिवसभर बाबांशी बोलले नाही. संध्याकाळी चहाचा कप पुढ्यात जरा जोरातच ठेवला. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, बंद पडल्यावर ते पैसे देतील गं. पण बंद कुठं पडंल? चाकणच्या रस्त्यावर, त्या कंटेनरच्या गर्दीत? तिथं तू एकटी असशील ना."

दिवसभर मी गाडी वाचवायच्या मागे होते आणि हा माणूस माझी काळजी करत बसला होता... इतकं भरून आलं मला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी आणि बाबा गॅरेजला गेलो. बाबा छातीठोकपणे सांगत होते, गिअरबॉक्स गेला. निघालं काय, तर इंजिनखालचं एक फाटलेलं रबर! बाबा ओशाळतील तर शपथ. वर मलाच म्हणतात, "आवाज तर होता ना?"

ते बदलून घरी आलो आणि मी वॉरंटीची माहिती नीट वाचली, तर त्यात रबरी पार्ट बसतच नव्हते! एवढी भोसरीची चक्कर मारली ती फुकटच की...

मंगळवारी सकाळी बघते तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशेजारी हजर. म्हणे, ट्रायल घेतल्याशिवाय माल सोडत नसतात. मला गाणी बंद करायला लावली आणि मोशीपासून चाकणपर्यंत कान टवकारून बसले.

वाटेत एक कंटेनर अगदी अंगावर आला. मी वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं, मग पुढे निघाले. बाबांनी वरचं हँडल घट्ट धरलं होतं, नजर मात्र माझ्या स्टिअरिंगवर होती.

कंपनीच्या गेटपाशी त्यांनी खिशातून हिरवी टिकली काढली. मी घाईघाईने ओढणीने डॅशबोर्ड पुसला. अखेर आमच्या म्हातारीला मान मिळणार!

तर त्यांनी ती टिकली माझ्या गळ्यातल्या आयकार्डवर लावली... अंगठ्याने दाबून बसवली. "गाडीचं अजून बघायलोय मी. ड्रायव्हर ओके."

मग माझ्यासमोरच नितीनला फोन लावला. "गाडी विकायची नाही," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी सोडते म्हटलं तर ऐकलं नाही, गुडघे सांभाळत शेअर रिक्षात बसून गेलेसुद्धा.

मी गेटवर डोळे पुसत उभी. सिक्युरिटीवाल्या काकांनी कार्डाकडे बघून विचारलं, "मॅडम, हे काय नवीन?"

म्हटलं, "काका, आमच्या घरचं इन्स्पेक्शन आहे. फार कडक असतं."

बाबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहितीये. टिकली अजून कार्डावर आहे, काढणार नाही. पण आता गाडी खडखडत नाही हो... तिलाही एक लावा की!