पेंग्विनचं बोलावणं

माझ्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला एका पेंग्विननं केलं, असं कळव्यात अजून सांगतात. सांगू देत. झालं काय ते मी लिहितो. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढं पुरतं.

आम्हा दोघा भावांच्या खोल्या एकाच पडवीवर, मधे एक भिंत. नव्वदचं दशक संपत आलेलं, तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका हळदीत यजमानानं टॉवेल-टोपी आधी त्याला दिली, मग मला. चुकलं यजमानाचं, मान्य. पण ह्यानं "आधी दादाला द्या" म्हणायला नको? पटकन टोपी डोक्यात घालून मोकळा. त्या दिवसापासून अबोला. दोन पावसाळे गेले. पडवीत शेजारी बसून दाढी करायचो, पण एकमेकाकडे आरसा मागायचो नाही.

मग लेकीचं लग्न ठरलं. डोंबिवलीला दिली. बायको माझी आधीच गेलेली, आणि एकट्या पुरुषानं कन्यादानाला बसायचं नसतं, जोडपं लागतं. लेकीनं सांगून टाकलं, "काका-काकी पाटावर बसले तरच मी मांडवात येणार." आता आली का पंचाईत! भावाकडे माणसं धाडली. त्याचं एकच, "निरोपावर येणार नाही. त्यानं स्वतः ये म्हणावं." मी म्हटलं, मोठा मी, आधी तोंड मी उघडणार नाही. लग्न आलं तोंडावर आणि आम्ही दोघं आपापल्या खुंट्याला.

लेक ठाण्याला एका सायबर कॅफेत कामाला होती. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरात एक बाग आहे. जगभरची माणसं तिथं सोंगं घेऊन फिरतात. तोंड उघडावं लागत नाही."

"मग बोलतात कसं?"

"बोटानं."

"आणि तो येईल तिथं?"

"काकांना विचारलंय. म्हणाले, तो येत असेल तर येतो. पण बोलणार नाही."

मी विचार केला. तोंड बंद, म्हणजे अबोला शाबूत. मी स्वतः तिथं उभा, म्हणजे निरोप नाही. कायद्यात बसत होतं.

गेलो. भाऊ आधीच येऊन बसलेला. आमच्या दोघांच्या मशीनांच्या मधे प्लायवूडची फळी, वरून त्याचं टक्कल दिसत होतं. मी पडद्याकडे बघितलं.

"हा कोण गं?"

"हे तुम्ही, बाबा. पेंग्विन."

अंग काळं, पोट पांढरं. बगळा म्हणावा तर मान नाही.

"माणूस नव्हता?"

"लाईन स्लो आहे. माणूस यायला वेळ लागतो."

तेवढ्यात फळीपलीकडून, "आणि ही बाई कोण?"

"काका, त्या तुम्ही."

सोनेरी केसांची, तोकड्या झग्यातली. मला जरा बरं वाटलं.

टाईप लेकच करत होती, दोघांचंही. मी म्हणायचो, "विचार त्याला, टोपी नीट बसते का डोक्याला." फळीपलीकडे त्याला स्वच्छ ऐकू जायचं, पण तो गप्प. लेक माझं टाईप करून तिकडे जायची, त्याच्या पडद्यावरचं वाचून दाखवायची, मग तो भडकायचा. मीही तसाच. कानानं ऐकलेलं धरायचं नाही, पडद्यावर उमटलेलं धरायचं.

मधेच भोपळ्याच्या डोक्याचा कोणी परदेशी येऊन भावाच्या बाईला चिकटून उभा राहिला. हलेना.

"काका, तो विचारतोय, एकट्याच आहात का?"

"एकट्याच? अगं, मला नातवंडं आहेत म्हणावं!"

माझं डोकं सणकलं. भाऊ होता शेवटी. लेकीला म्हटलं, कसं चालतात दाखव. तिनं दाखवलं, आणि माझा पक्षी मी दोघांच्या मधे नेऊन उभा केला. भोपळा निघून गेला. पलीकडे भावानं नुसता घसा खाकरला.

मग लेक माझ्या खुर्चीमागे आली. "बाबा, आता मी नाही टाईप करणार. तुमचं तुम्ही." इंग्रजीतली दोन अक्षरं दाखवली. बोट जरा अडलं. मग दाबली. पक्ष्याच्या डोक्यावर पांढरा फुगा आला, त्यात 'ये'.

आणि एकदम ती बाई कंबरेवर हात ठेवून नाचायला लागली.

"अगं, थांबव हिला! मला मान डोलवायची होती!"

"चुकीचं बटण दाबलंत, काका. राहू दे, बाबांना कळलं."

बाई काही थांबेना. मला हसू फुटलं, फळीपलीकडून त्यालाही. हसणं बोलण्यात धरत नाहीत, हे आम्ही न ठरवताच ठरवलं.

काका-काकी पाटावर बसले. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना भाऊच जास्त रडला. बाहेर मात्र सांगत सुटला, "मला पेंग्विननं बोलावलं म्हणून आलो. दादा अजून बोललेला नाही." खरंच आहे ते. नाही बोललेलो.

ती बाग मला काही आवडली नाही. झाडं आहेत, पण पान हलत नाही. बसायला बाक आहे, त्यावर बसलं तरी गुडघे दुखायचे ते दुखतातच. तरी लेक सासरी गेल्यावर मी दोनदा एकटाच तिथं जाऊन आलो. का, ते मला विचारू नका.

दुसऱ्यांदा परत आलो तर भाऊ पडवीत बसलेला. भिंतीकडे बघून म्हणाला, "पेंग्विन जेवला काय?"

मीही भिंतीलाच म्हटलं, "जेवायचाय."

"हिनं बोंबील केलेत. त्याला पाठवून दे म्हणावं."

मी गेलो नाही. पेंग्विन गेला.