वाळवीने खाल्लेली अठ्ठ्याऐंशी पानं

"थांबा. पुरावा बघू."

असं म्हणून सर तर्जनी वर करायचे आणि समोरचा बोलता बोलता गप्प व्हायचा. मग पिशवीतून ती जाडजूड इंग्रजी डिक्शनरी निघायची. मोखाड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर जव्हारहून सकाळच्या एसटीने येत आणि माझ्या ओट्यावर बसून लोकांचे इंग्रजी अर्ज फुकट लिहून देत.

डिक्शनरी त्यांना रद्दीत सापडली होती. तिच्यात प्रत्येक शब्दाचे अर्थ वयाप्रमाणे लावलेले, सगळ्यात म्हातारा आधी, आजचा शेवटी. सरांना शेवटच्यात रस नव्हता. "आजचा अर्थ काय, तुमचा मोबाइलसुद्धा सांगेल."

'मीट' म्हणजे आज मांस, पण पूर्वी कुठलंही अन्न. हे त्यांनी आमच्या माळकरी शेजाऱ्याला तो डबा उघडून बसलेला असताना सांगितलं. "म्हणजे तुम्ही आत्ता मीटच खाताय." शेजारी आठवडाभर ओट्याकडे फिरकला नाही. एका आईने पोराला कौतुकाने 'नॉटी' म्हटलं, तर लगेच तर्जनी वर. "नॉटी म्हणजे आधी, ज्याच्याकडे काहीच नाही तो. त्या हिशेबाने आपला अख्खा तालुका नॉटी!"

आता अडचण अशी की त्या डिक्शनरीचा शेवट वाळवीने खाल्लेला होता. डब्ल्यूपासून झेडपर्यंत काहीच शिल्लक नाही. अनुक्रमणिका आणि शेवटचं उरलेलं पान यांवरून मी हिशेब काढला, अठ्ठ्याऐंशी पानं गेली होती. आणि जे पुस्तकात नाही, ते सर लिहीत नसत. म्हणजे अर्जात 'वुई' नाही, 'विल' नाही, खाली 'युवर्स फेथफुली'सुद्धा नाही. तरी त्यांचे अर्ज सुरेख असत. एका साहेबांनी तर 'काय भारदस्त इंग्रजी' म्हणून कौतुक केलं होतं. भारदस्तपणा वाळवीचा होता हे त्यांना कोण सांगणार?

मागच्या उन्हाळ्यात सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून जनीबाई आली. मुंबईची एक कंपनी काही पाड्यांना पाइपलाइन करून देणार होती. अर्ज इंग्रजीत हवा होता. कंपनीचा माणूस चौकात जीप घेऊन बसला होता आणि चारला निघणार होता.

सरांनी झरझर लिहायला घेतलं आणि मुख्य शब्दापाशी पेन अडलं. वॉटर. डब्ल्यू.

"उद्या शाळेच्या लायब्ररीत बघून येतो," सर म्हणाले.

"सर, तीन वाजून दहा मिनिटं झालीत. जीप चारला जाईल."

"मग 'पिण्याचं लिक्विड' लिहू?"

"कंपनी फिनेल पाठवेल!"

"काय झाला?" जनीबाईने विचारलं. पाण्याचं पान वाळवीने खाल्लंय, असं मी सांगितलं. तिने दोघांकडे नीट बघून घेतलं.

"वाळवीनं खाल्ला त्यात माझा काय गुन्हा? मास्तर, तू पानी कदी पाह्यला नाय का? मी पाह्यलाय. मला इचार ना."

मला वाटलं, सर चिडणार. पण त्यांनी चष्मा पुसला, एक कोरी चिठ्ठी घेतली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "आधी पाणी म्हणजे काय होतं?"

"आधी पाड्याच्या हिरीत होता."

"आणि आता?"

"आता डोक्यावर आणाया लागतं. डोंगर उतरून. पोरां झोपलेली टाकून."

सरांनी दोन्ही अर्थ क्रमाने लिहिले, चिठ्ठी शेवटच्या पानाला टाचली आणि अर्जात ठसठशीत अक्षरात 'वॉटर' लिहिलं. मग 'वुई' लिहिलं, 'विल' लिहिलं, खाली 'युवर्स'सुद्धा आलं.

"यांचा पुरावा?" मी विचारलं.

"ही काय, बसलीय ना," सर म्हणाले.

चारला दहा कमी असताना मी अर्ज घेऊन चौकात धावलो.

त्यानंतर सरांना नादच लागला. येईल त्याला ते डब्ल्यूचे शब्द विचारू लागले. 'वेट' म्हणजे वाट पाहणं. त्यावर इकडच्या वांगणीचा एक जण म्हणाला, "आदी, रस्ता व्हईल म्हणून. आता, सवय म्हणून." सर इतके खूश झाले की त्याला चहा पाजला.

दिवाळीनंतर सर गेले. मुलाने डिक्शनरी माझ्याकडे आणून दिली. चिठ्ठ्या एकतीस झाल्या होत्या. 'वाय'च्या शब्दांना त्यांनी हातही लावला नव्हता.

होळीच्या सुमारास जनीबाई आली. "मास्तर कुठं?"

मी सांगितलं. सर बसायचे ती जागा सोडून ती ओट्यावर टेकली.

"नळ आला. त्याला सांगाया आलते." मग म्हणाली, "माझी चिठ्ठी हाय का? वाच."

मी वाचली.

"त्याच्याखाली लिव. आता नळाला येतं."

"रोज?"

"एक दिसाआड."

"किती वेळ?"

"अर्धा तास." आणि माझा हात थांबलेला बघून म्हणाली, "अरं, पन येतं. लिव."

मी लिहिलं, 'एक दिवसाआड, अर्धा तास, येतं.'