प्रेमानंदचे पाय आणि न दिसलेली कावीळ

उमरेडच्या प्रेमानंदची तीस वर्षं हातमागावर गेली. हाताने धोटा फेकायचा, पायाने पावड्या दाबायच्या. पाय आपोआप चालत. दोन वर्षांपूर्वी तळपाय बधिर झाले. कुठली पावडी दाबली हेच कळेना, नि काठाची वीण चुकू लागली. व्यापाऱ्याने दोन साड्या परत पाठवल्या. पाय गेले तर माग गेला, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग सुरू झाल्या एसटीने नागपूरच्या चकरा. एकच मोठा दवाखाना, पण दारं चार. नडग्यांवर जांभळे ठिपके उठले, तर कातडीच्या डॉक्टरने मलम दिलं. सांधे धरले, तर हाडांच्या डॉक्टरने वयाकडे बोट दाखवलं. बधिरपणाला नसांच्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली. लघवीला फेस येतो हे सांगायचं कुणाला, तेच कळेना. बरं, एकाच्या चिठ्ठीकडे दुसरा ढुंकून पाहील तर शपथ!

शेवटी पाय सुजले, तेव्हा चौथ्या दारामागच्या मयुरा नावाच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "काका, कधी रक्त चढवलं होतं?"

चढवलं होतं, तरुणपणी अपघात झाला तेव्हा. तपासणीत हिपॅटायटिस सी, म्हणजे काविळीचाच एक प्रकार, निघाला.

"कावीय? मले?" प्रेमानंद उखडला. "माहे डोये पाहा बरं! कुठी पिवये हायेत?"

"त्या रक्तातून आलेला हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं दडून राहतो, काका. डोळे पिवळे होतीलच असं नाही. पण त्याच्यामुळे रक्तात जी प्रथिनं तयार होतात, ती बारीक रक्तवाहिन्या बिघडवतात. कातडी, सांधे, नसा, मूत्रपिंड, सगळा त्याचाच उपद्रव."

म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी! दोन वर्षं बिचारा मलम चोळत बसला. संताप येणार नाही तर काय?

तीन महिने गोळ्या घेतल्या. ठिपके गेले, फेस कमी झाला, पुढच्या तपासणीत विषाणूही सापडला नाही. बायको दीक्षा आनंदाने रडली. प्रेमानंदने मात्र नसांच्या डॉक्टरचं दार पुन्हा गाठलं. "साहेब, पायाचं काय?"

डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचली. प्रेमानंद हललासुद्धा नाही.

"नसा फार खराब झाल्यात. भरवसा देता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही आधी यायला पाहिजे होतं."

"आल्तो न, साहेब!" प्रेमानंद कळवळून म्हणाला. "सहा डाव आल्तो, याच खुर्चीवर बसलो होतो. ठिपके दाखवाले गेलो तं तुमीच म्हनलं, फक्त पाय दाखव."