न उचललेला फोन

फोनची पहिली घंटी पुरी व्हायच्या आत प्रभाकरकाका तो उचलत. गालावर दाढीचा साबण असो, की तोंडात घास. न्युरेम्बर्गला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला आले, तेव्हा केलरची, म्हणजे तळघराची, किल्ली मागायला खाली गेले होते. दार उघडून "या" म्हणतात तोच आत फोन वाजला आणि सत्तरीचा तो भरदार माणूस मला उंबऱ्यावर सोडून धावत सुटला. पलीकडे विमा विकणारं कुणीतरी होतं. तरी काकांनी सगळं ऐकून घेतलं.

काका मूळचे साताऱ्याचे. इंजिनिअर व्हायला इथे आले आणि ऑपेरात टेनर झाले, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष. "टेनरचं आयुष्य वरच्या दोन सुरांत. बाकी सगळा तिथवरचा जिना," असं म्हणायचे. माझ्याकडे आमटी ओरपताना मधेच एखादी ओळ घेत, तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या. पण रंगमंच त्यांनी पंचेचाळिशीतच सोडला होता. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. एका रविवारी त्यांनीच सांगितलं.

पहिल्यांदा नायकाची भूमिका मिळाली होती. प्रयोगाच्या दिवशी ते पडदा वर जाईपर्यंत चकार शब्द काढत नसत. दुपारी फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. काका समोरच बसून होते.

"उचलला नाही गं मी. म्हटलं, उद्या बोलू."

त्या संध्याकाळी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सकाळी भावाने कळवलं, आई गेली. काल सारखी म्हणत होती, प्रभाकरचा आवाज ऐकवा.

"काका, मग?"

"मग काय, दोनच दिवसांनी दुसरा प्रयोग होता. रडलं की गळा बसतो."

पुढे नऊ वर्षं ते गायले. पण वरचा सूर जवळ आला की त्यांना घंटी ऐकू येई. "सगळ्या वाद्यांच्या वरून. स्पष्ट." एका प्रयोगात ते ओळ अर्धी टाकून थांबले आणि विंगेत चालते झाले, फोन घ्यायला. ते परत रंगमंचावर आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. इस्पितळात मला ओळखायचे, पण नाव जिभेवर येईना. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणाली, "बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक राहतं." तिने एक सूर धरला. काकांनी डोळे मिटले. आवाज फाटका, पण सूर चोख लागला, आणि त्यावर शब्द आले,

"आई, ऐकतेस ना गं?"

मी पलंगाची कड धरली. थेरपिस्टला मराठी कुठलं कळायला! ती टाळ्या वाजवत म्हणाली, "गेनाऊ! अगदी असंच! पुन्हा एकदा!"

तिला थांबवायला मी हात उचलला. पण काका पुढचा श्वास भरून घेत होते.