तरप्याकडे पाठ

"वाजवायचं नाही. नुसतं तोंडाला लावून उभं राहायचं."

शेठ माझ्या बाबाला सांगत होते. नरपडला त्यांच्या चिकूच्या वाडीत मांडव होता. दुपारचे चार. बाबाच्या हातात त्याने भोपळ्यापासून स्वतः बनवलेला तरपा, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य.

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपची वायर जोडत राहिलो.

"आवाज तुझ्या पोराच्या मशीनमधून येतोच आहे," शेठ हसले. "उगाच दम का घालवतोस? गाल फुगव, फोटो ओरिजिनल येतील."

मांडव शेठचा, पण कार्यक्रम माझाच होता. मागचा पडदा मी रंगवला होता. गेरूवर पांढरी माणसं, मध्ये तरपेवाला, भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. बाबाचा तरपा मी पाड्यावर फोनमध्ये रेकॉर्ड केला होता, त्याखाली बीट टाकला होता. शेठच्या पाहुण्यांना बोलावण्यापासून मांडवापर्यंत सगळं मीच पाहिलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तलासरीच्या वसतिगृहासाठी शिफारशीची चिठ्ठी शेठनीच लिहून दिली होती. ते उपकार मी विसरलो नाही. म्हणून वायर जोडत राहिलो.

आमच्यात तरपा वाजत असला की नाचणारा त्याच्याकडे पाठ करत नाही. वेटोळं कसंही वळो, तोंड तरप्याकडे. हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

आणि स्टेजचा नकाशा मी काढला होता. पुढे माझं टेबल. मागे, पडद्याला लागून, बाबा.

गाणं सुरू झालं. पाहुणे नाचू लागले. मग एकेक जण स्टेजवर चढून बाबाकडे जाऊ लागला. त्याच्याकडे पाठ करायची, मोबाइल वर धरायचा. एक बाई म्हणाल्या, "काका, जरा फुंकल्यासारखं करा ना."

मी मान वळवून पाहिलं. बाबाने गाल फुगवले होते. स्पीकरमधून त्याचा श्वास येत होता आणि तो श्वास रोखून उभा होता.

मी आवाज बंद केला.

"लाइट गेली का?" कुणीतरी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "शेठ, बाबा खरा वाजवेल. नाहीतर मी काही लावणार नाही."

शेठनी आवाज चढवला नाही. "याच्यासाठी शिकवलं का रे तुला?"

माझे डोळे भरून आले, त्याचीच लाज वाटली. बाबाला म्हटलं, "वाजव."

त्याने तरपा खाली घेतला. "आता नाय रं. इथं नाय."

तोवर कुणीतरी आपला फोन स्पीकरला जोडला होता. सिनेमाचं गाणं लागलं. पाहुणे पुन्हा नाचू लागले. माझ्या थांबण्याने कुणाचं काहीच अडलं नाही. पडदा सोडवायला गेलो तर शेठ म्हणाले, "राहू दे, फोटो चाललेत." मी तो तिथेच सोडला.

पाड्यावर परतताना रिक्षात, तलासरी जवळ आल्यावर, बाबा म्हणाला, "त्यांना काय ठावं? पन तू पाठ करून उभा होतास."

शेठची चिठ्ठी मी विसरणार नाही. ही पाठही विसरणार नाही.

पुढचा कार्यक्रम पाड्यावर होईल. मध्ये बाबा. माझं टेबल त्याच्याकडे तोंड करून. तो दम घ्यायला थांबेल तेव्हाच माझं मशीन वाजेल. तरपा मुका धरायला सांगणारा माणूस कितीही उपकाराचा असो, त्याच्या मांडवात मी पुन्हा वायर जोडणार नाही.