शालूच्या कानातली शीळ

वलगावच्या जाईबाईला तीन लेकरं झाली, त्यातली एकच जगली. ती शालू. नवरा देवराव बांधकाम खात्यात रस्त्यावर गिट्टी अंथरायला जायचा, जाईबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला. शालू दोन वर्षांची असताना एका दुपारी जाईबाई तिला मांडीवर आडवी घेऊन फणीनं तिचे केस विंचरत होती. खाली वाकली तर बारीक शीळ ऐकू आली. कुडात किडा असेल म्हणून तिनं हात आपटून पाहिला. मग वाटलं, आपल्याच कानात काही शिरलं. पण डोकं वर उचललं की आवाज बंद, शालूच्या उजव्या कानाशी नेलं की सुरू!

"अवो, इकडं या बरं."

देवरावानं कान लावला आणि तो मागंच सरकला. "मायबाप! हे पोरगी कानातून वाजून राहिली!"

शेजारच्या गंगूबाईनंही ऐकलं आणि अंगारा लावायला सांगितलं. देवरावानं ते हसण्यावारी नेलं. पोरगी खात होती, खेळत होती, दिवसभर तोंडाची टकळी चालू होती. जाईबाईला तर त्या शिळेची सवयच लागली. वावरातून आली की हातपाय धुवायची आणि शालूला जवळ ओढून आधी कानाला कान लावायची.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात शालू तापानं फणफणली. मान ताठ झाली, डोळे फिरले. अमरावतीच्या दवाखान्यात सांगितलं, क्षयानं मेंदू धरलाय. रोज सुई. तीन महिने जाईबाई खाटेच्या पायाशी बसून होती. शेजारच्या दोन खाटांवरची लेकरं गेली, शालू वाचली. पण तिसऱ्या महिन्यात कधीतरी जाईबाईनं तिच्या कानाला कान लावला आणि काहीच ऐकू आलं नाही. तिनं पदराच्या टोकानं आपला कान पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. काही नाही.

मोठे डॉक्टर मोरोपंत फेरीवर आले तेव्हा ती उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, पोरीचा कान बंद पडला."

"ऐकू येत नाही?"

"आयकू येते. पन कान वाजत नाई. आंधी वाजत होता."

"अहो बाई, कान वाजत नसतो. कान ऐकतो." डॉक्टर दमलेले होते, पण रागावले नाहीत. त्यांनी शालूच्या मागं जाऊन टाळी वाजवली. शालूनं वळून पाहिलं. मोठ्यानं हाक मारली. ती "ओ" म्हणाली. "पाहिलंत? सुयांनी पोरगी जगली, हे मोठं समजा. नसत्या शंका काढू नका."

जाईबाई पुन्हा खाटेच्या पायाशी बसली. लेकरू जिवंत होतं. त्याहून जास्त मागायला तिची तिलाच लाज वाटली.

घरी आल्यावर शालूला आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग हळू बोललेलं. मग पाठीमागून मारलेली हाक. बोलताना तिचे शब्द झिजायला लागले. साखरेची 'आखर' झाली, स्वतःचं नाव ती 'आलू' सांगायची आणि पोरं खदखदून हसायची. शाळेत गुरुजींनी मंद म्हणून तिला मागं बसवलं. आठव्या वर्षी तिनं बोलणंच टाकलं.

त्याच साली देवरावाची बदली अकोल्याला झाली. तिथं नागपूरहून कान तपासायचं मशीन आल्याचं कळलं, तशी जाईबाई लेकीला घेऊन गेली. डॉक्टर रविकांत तरुण होते. त्यांनी शालूच्या दोन्ही कानांवर मशीनचे ऐकायचे डबे चढवले, आवाज आला की बोट वर कर, असं खुणेनं समजावलं. मशीनवरची आवाज बदलायची चकती फिरत राहिली. शालूचं बोट मांडीवरून हललं नाही.

"कधीपासून हे?"

जाईबाईनं सगळं सांगितलं, शिळेसकट. डॉक्टर हसले नाहीत. "कशी होती शीळ?" त्यांनी विचारलं आणि तेच डबे जाईबाईच्या कानांवर ठेवले. जाड आवाज आला. "नाई," ती म्हणाली. "याहून बारीक." त्यांनी चकती पुढं सरकवली. "आनखी." अजून एकदा सरकवली, आणि जाईबाईनं दोन्ही हातांनी डबे कानांवर गच्च दाबून धरले.

"हेच! हेच होय, साहेब! माह्या शालूचं!"

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शालू आईच्या तोंडाकडं टकमक पाहत होती. डॉक्टरांनी चकतीवरचा आकडा बराच वेळ पाहिला. "क्षयाच्या सुयांनी कान जातो हे ठाऊक आहे, पण कान वाजतो असं पुस्तकात कुठं नाही, बाई," ते म्हणाले. तरी तो आकडा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

पुस्तकात ते यायला पुढं बरीच वर्षं जायची होती. आता बाळ जन्मलं की त्याच्या कानात इवलंसं बूच घालतात, आणि आतला कान स्वतः आवाज काढतो का ते यंत्र ऐकतं. आवाज आला नाही, तर बाळाची पुढची तपासणी करतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शालूला नागपूरच्या मूकबधिरांच्या शाळेत घेतलं. तिथल्या बाई, प्रमोदिनीबाई, कागद वाचून हळहळल्या. "ऐकणं जायला लागलं तेव्हाच आणायची होती हो. बोलणं राखता आलं असतं. आता चार वर्षं गेली."

"मी त्याच हप्त्यात सांगतलं होतं, बाई," जाईबाई म्हणाली. "डॉक्टरले सांगतलं होतं."

प्रमोदिनीबाईंनी वहीत शालूचं नाव लिहून घेतलं.

शालूला कपड्यांचं गाठोडं देऊन जाईबाई फाटकाबाहेर आली. पोरगी आतल्या मुलींच्या घोळक्यात उभी होती, पाठमोरी. जाईबाईनं सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं. मग तशीच गजांना धरून उभी राहिली, पोरगी आपणहून कधी मागं वळते त्याची वाट पाहत.