शिवमच्या मशीनचं बोलणं

मेडशीत ज्योत्स्ना इंगोलेच्या घरी चहाला गेलात तर कप हातात घट्ट धरून ठेवा. शेवटचा घोट घेऊन खाली ठेवलात की तुमचं बोलणं संपायच्या आत तो विसळून पालथा पडलेला असतो. बाईंना पसारा म्हणून खपत नाही. नवरा सतीश शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवतो, आणि पायपुसणी झटकल्याशिवाय ती जीप जागची हलत नाही. हा नियम सतीशचा नाही, हे सांगायला नकोच.

वाशीमला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तेव्हा तिला शहरात नोकरी करायची होती. ती काही झाली नाही. त्याचा राग तिने कुणावर काढला नाही, फक्त धूळ तेवढी जोरात पुसू लागली. सकाळी ती गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते आणि दुपारी बुद्धविहाराच्या बाजूची अभ्यासिका उघडते. भरतीच्या परीक्षा देणारी पोरं-पोरी तिथे बसतात. अभ्यासिकेचा पगार नाही, पण तिथे चप्पल आडवी काढली तर बोलणी मात्र भरपूर मिळतात.

त्या खोलीत जे आहे ते कुणीतरी दिलेलं आहे, आणि ज्याने दिलं त्याचं नाव त्यावर आहे. पाण्याच्या टाकीवर नाव, सतरंजीच्या कोपऱ्यात नाव, पंख्याच्या पात्यांवर तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळं खानदान. पंखा सुरू झाला की त्यातलं एकही वाचता येत नाही. तरी पुढचा पंखा आला की आधी पेंटरला निरोप जातो.

अशा या खोलीत प्रयागबाईंनी आपल्या मुलाचा कॉम्प्युटर दिला. शिवम त्यांचा एकुलता एक. पुण्याला नोकरीला होता. लॉकडाउनमध्ये मशीन घेऊन गावी आला आणि मधल्या खोलीत बसून काम करत राहिला. मग परत पुण्याला गेला आणि तिथे डेंग्यूने गेला. त्याच्या कपड्यांबरोबर मशीनही घरी आलं, चादरीत गुंडाळून कोपऱ्यात पडून राहिलं. एक दिवस प्रयागबाईंनी सतीशला जीप दारात आणायला सांगितली.

अभ्यासिकेचे अध्यक्ष जानराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर, लगेच पेंटरला फोन लावायला निघाले.

"पेंट नोको," प्रयागबाई म्हणाल्या. "त्याचं नाव आतमंधी येऊ द्या. काळ्या पडद्यावर. मले वाचता येत नाई, पन त्याचं नाव मले ओळखू येते."

रविवारी विहारातली वंदना झाली की त्या पाहायला येणार, असं ठरलं.

काम ज्योत्स्नाकडे आलं. शिवमचं मशीन अगदी साधं होतं. त्यावर चित्र नाही, माउसचा बाण नाही, नुसती अक्षरं. टायपिंगच्या सरावाला तेवढं पुरत होतं. सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची झुंबड उडायची. ही डिस्क सापडली, ते कार्ड ओळखलं, अमुक सुरू झालं, तमुक झालं नाही. सगळं इंग्रजीत आणि सगळं घाईत. शेवटी नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ यायची. त्या ओळीच्या वर काय दिसावं हे एका लहानशा फाइलमध्ये लिहून ठेवता येतं, हे ज्योत्स्नाने शोधून काढलं. तिने मराठीत 'शिवम' लिहिलं आणि पडद्यावर चार चौकोन उमटले. त्या पडद्याला मराठी येतच नव्हती.

दुसरं कुणी असतं तर इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळं झालं असतं. पण प्रयागबाईंना ओळखू येईल ते नाव मराठीतलंच. मग ज्योत्स्नाने चौकटीचा कागद घेतला आणि ठिपक्यांची रांगोळी काढावी तसं ते नाव आधी त्यावर आणि मग कीबोर्डवरच्या # या जाळीच्या खुणेने पडद्यावर काढलं. शिरोरेषा सोपी गेली. वेलांटीने मात्र रडवलं. कधी ती छत्रीच्या मुठीसारखी दिसे, कधी नुसतीच कलंडे. सतीश मागून डोकावून म्हणाला, "जमलं ना आता, कायले एवढी घोटून राह्यली?" त्याला जीपकडे पाठवण्यात आलं.

नाव जमलं, पडदाभर मोठं आलं. तेवढ्यात मागे राहिलेल्या दोन-चार ओळी धावत आल्या आणि त्यांनी नाव वर ढकललं. शिरोरेषा पडद्याबाहेर गेली. नेटची तार जोडलेली नाही, अशी मशीनची तक्रार होती. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ज्योत्स्नाचं डोकंच फिरलं. आपण इतकं निगुतीने काढायचं आणि या फालतू ओळींनी त्यावर पाय देऊन जायचं! तिने वाचून वाचून उपाय शोधला. मशीनला सुरुवातीलाच एका शब्दात सांगता येतं की बाबा, गप्प राहा. तिने तो शब्द घातला. आता मशीन सुरू झालं की एकही ओळ दिसत नसे. थोडा वेळ काळोख, आणि मग स्वच्छ, एकटं 'शिवम'. झाडून-पुसून काढलेल्या अंगणासारखा तो पडदा पाहून ज्योत्स्नाला मनापासून बरं वाटलं.

रविवारी प्रयागबाई पांढरं पातळ नेसून आल्या. जानरावांनी चार शब्द म्हणून पुष्कळ शब्द सांगितले. मशीन सुरू झालं, नाव आलं, टाळ्या पडल्या. प्रयागबाईंनी काचेवर बोट टेकवून नाव चाचपलं.

"व्हय. हे त्याचंच," त्या म्हणाल्या.

चहा झाला, मंडळी पांगली, जानराव तेवढे रेंगाळले. प्रयागबाई मात्र उठल्या नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या, कुणाची तरी वाट पाहिल्यासारख्या.

"ज्योत्स्ना, त्या लाइना कुठी गेल्या वं?"

"कोनत्या लाइना, मावशी?"

"सुरू केलं का धावत येत ना, पांढऱ्या. भराभरा."

"त्या मी बंद केल्या. कचरा होता तो. नावाले धक्का लागून राह्यला होता."

"असं का." प्रयागबाईंनी पदर सावरला. "नाव चांगलं काढलं तू. लय मेहनत घेतली." आणि त्या जायला उठल्या.

 काय चुकलं ते ज्योत्स्नाला अजून कळलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरातली जपून ठेवलेली वस्तू आपण केरात लोटली, एवढं त्या 'असं का'मधून नीट कळलं होतं.

"बसा मावशी, जरा बसा."

ती मशीनपुढे बसली आणि घातलेला शब्द काढू लागली. जानराव कपबशी हातात घेऊन ओरडले, "काहून उखडून राह्यली? सुंदर झालं होतं ना!"

"दादा, तुमी चहा घ्या," ती मागे न बघता म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झालं. पांढऱ्या ओळी धो धो धावू लागल्या. प्रयागबाईंनी झटकन खुर्ची पुढे ओढली.

"तो म्हने, आई, या लाइना थांबल्या का मी कामाले लागतो, मंग मले बोलू नोको," त्या म्हणाल्या. "मंग जे सांगायचं ते मी लाइना धावत तेवढ्यातच सांगून घेत होती."

आणि ज्योत्स्नाकडे पाठ करून त्या पडद्याशी घाईघाईने बोलू लागल्या. "शिवम, तूर चांगली आली रे यंदा. बेबीताईच्या पोरीचं लगन जमलं. मी औषध घेतो वेळेवर, तू काळजी नोको करू. अन् आपली काळी गाय..."

ओळी थांबल्या. पडद्यावर नाव आलं. प्रयागबाई वाक्य अर्ध्यातच सोडून गप्प झाल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले होते. तिने हात पुढे केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.